माल्टाहून आणलेला पंचा

आमच्या घरात माझ्या बोलण्याला एक भाजक आहे. चार. मी म्हटलं की दुकानात दोनशे माणसं रांगेत होती, तर नवरा मनातल्या मनात पन्नास धरतो. मी म्हटलं की तासभर ताटकळले, तर तो पंधरा मिनिटांपुरतंच हळहळतो. मुलगी इथेच जन्मली, माझ्या मराठीला जपानीत उत्तर देते, आणि माझ्या गोष्टींबद्दल तिचा शब्द एकच असतो: "मोत्तेरु." वाटीत भाताचा शिगोशीग ढीग करावा तसा आईनं गोष्टीवर ढीग केलाय, असा त्याचा अर्थ. मला त्याचं वाईट वाटत नाही. मी सांगलीची. आमच्याकडे पुराचं पाणी पायरीला लागलं तर ते माळ्यापर्यंत आलं असं सांगायची रीत आहे, आणि ऐकणाराही त्यातलं आपल्यापुरतं पाणी उपसून टाकतो.

पण ज्याला हा भागाकार कधी करावाच लागला नव्हता, अशा एका माणसाला मी एक गोष्ट सांगितली. तिचं काय झालं ते लिहिते आहे. आकडे शक्यतो खरे देईन.

कोबे हे शहर डोंगर आणि समुद्र यांच्या चिमटीत धरल्यासारखं आहे. आम्ही डोंगराच्या बाजूला राहतो. खिडकीतून बंदरातल्या क्रेन दिसतात, आणि खालून भाजी घेऊन वर येणारा माणूस एव्हरेस्टची निम्मी चढाई करतो. चारानं भागलं तरी दम लागतोच. मी इथल्या विद्यापीठात समुद्राच्या पाण्यात लोखंड कसं गंजतं याचा अभ्यास करते. गंज हा काही लग्नात पाहुण्यांना सांगण्यासारखा विषय नाही, पण त्यानं मला सतरा वर्षं जपानात भात घातला.

शेजारच्या घरात एक आजोबा राहतात. वय चौऱ्याऐंशी. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. आयुष्यभर त्यांनी शहराची बस चालवली, तीही आमच्याच डोंगरावरची. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी खालच्या वळणावर बस दिसली की त्यांचा हात मनगटाकडे जातो. "चाळीस सेकंद," ते पुटपुटतात, आणि नव्या ड्रायव्हरवर घरी संस्कारच झाले नसावेत अशा चेहऱ्यानं घड्याळ बाहीत झाकतात.

आमची ओळख कचऱ्यावरून झाली. इथे कचरा वेगळा करणं हे सोवळ्याच्या वरचं सोवळं आहे. नवीन असताना मी लोणच्याची बरणी झाकणासकट काचेच्या कचऱ्यात ठेवली होती. संध्याकाळी ती दारात परत आली होती: धुतलेली, झाकण वेगळं, आणि खाली आजोबांच्या अक्षरात चिठ्ठी, 'मसाल्याचा वास फार छान आहे.' यापेक्षा सभ्य कानउघाडणी मला आजवर कुणी केलेली नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांना वाटीभर लोणचं नेऊन दिलं. तेव्हापासून ते मला 'सेन्सेई' म्हणायला लागले, म्हणजे गुरुजी. त्यात आदर किती आणि चेष्टा किती ते त्यांनी कधी कळू दिलं नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या वसंतात, एका सकाळी कचऱ्यावर कावळ्यांसाठी जाळी पसरताना मी त्यांना बातमी दिली.

"आजोबा, मला माल्टाला बोलावलंय. जगातले सगळे मोठे गंजवाले जमणार आहेत. माझ्यावाचून त्यांचं अडलंय म्हणे."

खरं म्हणजे मला एका परिषदेत बोळामध्ये, स्वच्छतागृहाच्या वाटेवर, एक तक्ता चिकटवायची परवानगी मिळाली होती.

एरवी ते हसले असते. त्या दिवशी हसले नाहीत. "माल्टा," ते म्हणाले. "भूमध्य समुद्रातलं बेट."

"तेच."

त्यांनी जाळीचे चारही कोपरे नीट ओढले, त्यांवर दगड ठेवले. मग म्हणाले, "संध्याकाळी चहाला याल का? यजमानांनाही आणा."

संध्याकाळी त्यांनी देवघराच्या कपाटातून एक फोटो काढला. खलाशाच्या पोशाखातला तरुण, कान जरा बाहेर आलेले. आजोबांचेही तसेच आहेत.

"माझे आजोबा," ते म्हणाले. "जहाजावर बॉयलरमध्ये कोळसा घालायचे."

पहिल्या महायुद्धात जपान इंग्रजांच्या बाजूनं होता हे मला शाळेत शिकवलं असलं तरी मी त्या दिवशी गैरहजर असणार. जपानच्या विनाशिका थेट भूमध्य समुद्रात गेल्या होत्या. त्यांचा तळ होता माल्टाला. सैनिकांनी भरलेली जहाजं इकडून तिकडे सुखरूप न्यायची, पाणबुड्यांवर नजर ठेवायची, हे त्यांचं काम. त्यातल्या एका विनाशिकेला पाणबुडीनं गाठलं. जे गेले ते बहुतेक बेटावरच राहिले. इंग्रजांच्या आरमारी दफनभूमीत एका कोपऱ्यात त्यांचं सगळ्यांचं मिळून एक दगडी स्मारक आहे.

"तेव्हा माझे वडील पोटात होते," आजोबा म्हणाले. "त्यांनी वडिलांना पाहिलं नाही, वडिलांनी त्यांना पाहिलं नाही. वर डोंगरावर आमचं घराण्याचं थडगं आहे. तिथे आजोबांच्या नावाचा कलश आहे. आत त्यांचं नाव लिहिलेला एक कागद. बाकी काही नाही."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. हे थडगं ते नोव्हेंबरमध्ये बंद करणार होते. त्याला हाकाजिमाई म्हणतात. मागे बघायला कुणी उरणार नाही असं दिसलं की माणसं आपणच थडगं उघडून अस्थी बाहेर काढतात, दगड हलवतात, जागा मोकळी करून देतात, आणि अस्थी देवळातल्या सामाईक जागेत एकत्र करतात. तिथे मग वेगळा कलश राहत नाही, नाव राहत नाही. जपानात हल्ली हे फार ऐकू येतं.

"एकदा सगळे एकत्र झाले की झालं," आजोबा म्हणाले. "त्याआधी वडिलांच्या कलशात त्यांच्या वडिलांचं काहीतरी असावं. एवढंच राहिलंय."

त्यांनी माझ्यापुढे एक घडी केलेलं कापड ठेवलं. तेनुगुई म्हणतात, आपल्या पंच्यासारखं पातळ सुती, पांढरं. इथे थडग्याला गेलं की आधी दगडावर पाणी ओततात, कापडानं पुसून स्वच्छ करतात, मग फुलं आणि उदबत्ती. आजोबांनी ते कापड दोनदा धुऊन आणलं होतं, कांजी निघून जावी आणि पाणी नीट शोषलं जावं म्हणून.

"त्या दगडावर पाणी घाला. यानं पुसा. आणि धुऊ नका, तसंच परत आणा."

"एवढंच ना," मी म्हणाले. "आजोबा, तो दगड मी असा घासते की तुमच्या आजोबांना शंभर वर्षांनी पहिल्यांदा गार वाटेल."

नवऱ्यानं टेबलाखाली माझ्या पायावर पाय ठेवला. भागिले चार, असा त्याचा अर्थ. आजोबा मात्र वाकले आणि म्हणाले, "आभारी आहे."

माल्टा हे बेट एकाच ढेपेतून कापून काढल्यासारखं आहे. घरं, चर्च, तट, पायऱ्या, सगळं एकाच पिवळ्या दगडाचं. ताज्या गुळाचा रंग, आणि ऊन उतरायला लागलं की जुन्या गुळाचा. फिनिशियन आले, रोमन आले, अरब आले, मग क्रॉस लावलेले संन्यासी सरदार आले आणि त्यांनी एवढी तटबंदी बांधली की बेट तिच्या वजनानं बुडलं कसं नाही याचं मला नवल वाटलं. मग फ्रेंच, मग इंग्रज. प्रत्येकानं जाताना काहीतरी मागे टाकलं. भाषा ऐकावी तर अरबीच्या चुलतबहिणीनं इटलीत संसार थाटल्यासारखी. चर्चमध्ये गुडघे टेकून माणसं देवाला 'अल्ला' म्हणतात आणि कुणाला त्यात काही खटकत नाही. मासेमारीच्या होड्या निळ्या-पिवळ्या-लाल रंगवलेल्या, आणि प्रत्येकीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, दोन डोळे, समुद्राकडे बघणारे.

दुकानांमध्ये जुन्या बसचे फोटो होते. पूर्वी म्हणे तिथली प्रत्येक बस तिच्या ड्रायव्हरच्या मालकीची असायची. तो तिला आपल्या हातानं रंगवायचा, बायकोचं नाव लिहायचा, आत संताचं चित्र आणि झालर लावायचा. आमच्याकडच्या उसाच्या ट्रॅक्टरला गोंडे लावतात तसं. त्या बस गेल्या. आता सगळ्या एकसारख्या, वातानुकूलित. आजोबांसाठी मी एका जुन्या बसचं पोस्टकार्ड घेतलं.

परिषदेचा शेवटचा दिवस माझा मोकळा होता. दफनभूमीचं फाटक दुपारी तीनला बंद होतं असं हॉटेलातल्या बाईनं सांगितलं होतं. मोठ्या बंदराच्या पलीकडे जायचं: छोट्या फेरीबोटीनं पाणी ओलांडायचं, पलीकडच्या गावातून बस घ्यायची, चार थांबे, की दफनभूमी. आजोबांनी नकाशावर पेन्सिलनं आखून दिलं होतं. बोटीनं मी पलीकडे गेले. बसथांबा सापडला. फलकावर लिहिलं होतं: पाच मिनिटं.

मी उभी राहिले, जपानात उभं राहतात तशी. पिशवी दोन्ही हातांत पुढे, नजर समोर. पाच मिनिटांनी बस आली, आणि गेली. फलक म्हणाला वीस मिनिटं. वीसची चाळीस झाली, दुसरी बस आली, तीही गेली. सावलीत एक मांजर झोपलं होतं, त्यानं डोळा उघडून मला पाहिलं. तिसरी गच्च भरलेली होती, ती तर वेगही कमी न करता गेली. शेजारी येऊन बसलेली एक म्हातारी मला म्हणाली, "हात केल्याशिवाय थांबत नाहीत, बाई." सांगली-मिरज एस.टी.ला चालत्या बसमागे धावून हात करणारी मी, आणि पंधरा वर्षांत माझा हात जपाननं खाली बसवून ठेवला होता. घड्याळात तीन वाजून गेले होते.

मी परतले. नवऱ्याला फोनवर मी हे एवढंच सांगितलं. तो हसला, मग हसायचा थांबला. म्हणाला, "आणि पंचा?"

पंचा कोरा होता. विमान पहाटेचं होतं. उन्हं उतरताना मी शहराच्या तटावर गेले, बाटलीतलं पाणी पंच्यावर ओतलं आणि तो तटाच्या दगडावर घासला. तेच बेट, तोच दगड, असं मी स्वतःला म्हणत होते. गंजाच्या अभ्यासकाला डाग कसा उठवायचा हे शिकवावं लागत नाही. कोपऱ्यात जास्त, मधे फिकट, एका बाजूला थोडं शेवाळ. वाळल्यावर तो अगदी खऱ्यासारखा दिसायला लागला.

कोबेला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी आजोबांकडे गेले. ठरवलं होतं की पोस्टकार्ड द्यायचं आणि खरं सांगायचं. पोस्टकार्डावरच्या बसकडे ते फार वेळ पाहत बसले, झालरीवरून बोट फिरवलं. मग त्यांनी विचारलं, "तिथली बस कशी होती?"

शेवटी ते ड्रायव्हर. त्यांच्या जातभाईंबद्दल विचारत होते.

"अगदी वेळेवर," मी म्हणाले.

हे पहिलं. बाकीचं त्याच्यामागून आपोआप आलं. ताट पुढे ठेवल्यावर भात येतो तसं. फाटकावर एक म्हातारा राखणदार, ज्याच्या आजोबांनी त्याला जपानी खलाशांच्या गोष्टी सांगितल्या होत्या. स्मारकावर ऊन खात बसलेलं मांजर, जे माझ्यासाठी आदरानं उठून बाजूला झालं. तीन बादल्या पाणी. पाणी दगडावरून ओघळलं तेव्हा आलेला वास, तापल्या वाटेवर पाणी मारल्यावर येतो तसला. राखणदारानं टोपी काढली. मी सांगत होते आणि नवरा चटईची वीण मोजत होता.

मी पंचा पुढे ठेवला. आजोबांनी तो उलगडला नाही. तो डोक्याच्या वर धरला, मग देवघरात ठेवला, मग चटईवर कपाळ टेकून मला नमस्कार केला. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. मी त्यांना उठवायला हात पुढे केला आणि मागे घेतला. तो हात कुठे ठेवावा मला कळेना.

त्यानंतर ती गोष्ट माझी राहिली नाही. आजोबांनी ती देवळातल्या भटजींना सांगितली, जुन्या डेपोतल्या दोस्तांना सांगितली, आणि प्रत्येक वेळी मला बोलावलं, "सेन्सेई, तुमच्या तोंडून ऐकू दे यांना." आणि मी सांगितली. दुसऱ्या वेळी राखणदारानं माझा हात हातात घेतला. तिसऱ्या वेळी चर्चच्या घंटा वाजल्या. आजोबा एका वहीत सगळं टिपून घेत होते. रोज संध्याकाळी देवघरापुढे बसून ते वडिलांना त्यातलं थोडं थोडं वाचून दाखवत. भिंत पातळ आहे. 'घंटा वाजल्या' हे मी स्वयंपाकघरातून ऐकलं.

"सांगून टाक," नवरा म्हणाला.

"सांगते."

"कधी?"

"तूच त्यांना सांग ना, की हिचं चारानं भागून घ्या."

"शून्याला कशानंही भाग," तो म्हणाला, "शून्यच येतं. तू तिथे गेलीच नाहीस."

ऑगस्टमध्ये मी एकदा चिवड्याचा डबा घेऊन गेले. डबा हे निमित्त होतं. आजोबांनी देवघर उघडलं, आत भाताच्या वाटीशेजारी पंचा होता, त्याच्या बाजूला कान बाहेर आलेला तो खलाशी. "वडील आता निवांत आहेत असं वाटतं," ते म्हणाले. "मी लहान असताना ते बंदरावर नेऊन मला जहाजं दाखवायचे. स्वतः कधी बोटीत बसले नाहीत." मी म्हणाले, घंटा फार गोड होत्या. आणि घरी येऊन डब्याचं झाकण कुठे ठेवलं ते शोधत बसले. ते माझ्या हातातच होतं.

नोव्हेंबरमधली सकाळ, ऊन स्वच्छ. आजोबा, मी आणि नवरा बसनं वर गेलो. बस वेळेवर होती. आजोबांनी घड्याळ पाहिलं नाही. दफनभूमी डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाते, सगळ्या थडग्यांची तोंडं समुद्राकडे. वर भटजी वाट पाहत होते आणि दगडाचं काम करणारे दोन कारागीर पहारी आणि दोर घेऊन जरा लांब उभे होते.

आजोबांनी दगड शेवटचा धुतला. ओगराळ्यानं पाणी घातलं, नावाच्या अक्षरांतून बोट फिरवून शेवाळ काढलं. मी बादल्या भरून आणल्या; त्या दिवशी खरंच तीन लागल्या. कारागिरांनी पायथ्याची फरशी सरकवली आणि आतले कलश एकेक करून पांढऱ्या कापडावर मांडले. आजी, वडील, आई, बायको. शेवटचा, त्या खलाशाचा, उचलताना कारागिराचा हात एकदम वर गेला, इतका तो हलका होता.

आजोबांनी वडिलांच्या कलशाचं झाकण काढलं. कोटाच्या आतून पंचा काढला, दोन्ही हातांवर घेतला आणि माझ्याकडे वळले.

"तुम्ही आणलात," ते म्हणाले. "तुमच्याच हातानं ठेवा."

कलश माझ्या पायाशी उघडा होता. आत पाहिलं नाही असं मी म्हणू शकत नाही. पाहिलं.

"मी तिथे गेले नव्हते," मी म्हणाले.

हे वाक्य जपानीत फार लहान होतं. म्हणायला सुरुवात करेपर्यंत संपतंसुद्धा.

आजोबांचे हात तसेच पुढे होते. "कुठे?"

"दफनभूमीत. फाटक बंद झालं होतं. मी तिथवर पोचलेच नाही."

"मग हे?"

"शहराच्या तटाचा दगड. मी कापड ओलं करून घासलं."

भटजींनी जपमाळ मुठीत मिटली. कारागिरानं पहार हळूच गवतावर ठेवली, आवाज होऊ नये म्हणून.

"फाटकावरचे गृहस्थ?" आजोबांनी विचारलं.

"नव्हते."

"त्यांनी टोपी काढली."

"नाही."

"घंटा?"

"नाही."

ते वहीतल्या क्रमानं विचारत होते. वही हातात नव्हती, पण क्रम तोच होता.

"मांजर?"

"मांजर होतं. बसथांब्यावर."

"बस वेळेवर होती."

"नव्हती."

त्यांनी पंच्याच्या घड्या घातल्या, लांबीची एक, रुंदीच्या दोन, आणि तो खिशात ठेवला. खालून रस्त्यावरून एक बस चढत गेली, तिचा आवाज वळणाआड गेला. मला वाटलं ते मला जायला सांगतील. नवरा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला होता.

"पाच महिने मी रोज वडिलांना सांगतोय," आजोबा म्हणाले, "की कुणीतरी जाऊन आलं. वहीतून वाचून दाखवतोय. आता मी कोणत्या तोंडानं बदलू? तुम्ही सांगा."

"काय सांगू?"

"जे पाहिलंत ते. जेवढं पाहिलंत तेवढं."

इथे माणसं थडग्यापुढे उभी राहून आपल्या माणसाला खबर देतात: परीक्षा पास झालो, बाळ झालं, घर विकलं. मी पाहिलं होतं, स्वतः कधी केलं नव्हतं. मी कलशापुढे गुडघे टेकले. माझ्या जपानीत जोडवाक्यं नीट होत नाहीत, त्यामुळे एकेक सुटं वाक्य येत होतं, आणि प्रत्येकाच्या शेवटी मला पुढचं दिसायचं, फुगलेलं, रंगवलेलं, आणि ते मला खाली ठेवावं लागायचं.

मी सांगितलं की बेट पिवळ्या दगडाचं आहे. बंदराचं पाणी आत खोलवर येतं, मोठी जहाजं तटाला टेकून उभी राहू शकतील एवढं. तुमच्या वडिलांचं जहाज तिथेच कुठेतरी उभं राहत असणार, पण नक्की कुठे ते मला माहीत नाही. होड्यांना डोळे रंगवतात. उकाडा होता. मी बोटीनं पलीकडे गेले, बोट लहान होती. थांब्यावर उभी राहिले.

मग तीन बस गेल्या हे सांगितलं. हात केला नाही हे सांगितलं. इथवर मी नवऱ्याला सांगितलं होतं, आणि वर तुम्हालाही तेवढंच सांगितलं आहे.

पुढचं कुणालाच सांगितलं नव्हतं. म्हातारीनं हात करायला सांगितलं तेव्हा तीन वाजून गेले नव्हते; तीन वाजायला पस्तीस मिनिटं होती. वाट चढाची, पण पायी वीस मिनिटांची. नकाशावर आजोबांनी तीही पेन्सिलनं दाखवली होती, बस चुकली तर म्हणून. ऊन फार होतं. पाय दुखत होते. सकाळभर मी परिषदेतल्या लोकांबरोबर सावलीत बसून गरम कचोऱ्यांसारखं काहीतरी खात माझ्या गोष्टी सांगत होते, म्हणून मुळात निघायलाच उशीर झाला होता. आणि तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं परतीची बस आली. तिला मी हात केला. ती थांबली.

"मला हात करता येत होता," मी कलशाला म्हणाले. "त्यांच्यापर्यंत वीस मिनिटं राहिली होती. तिथून पुढचं मला माहीत नाही."

याच्यापुढे सांगण्यासारखं काही नव्हतं. मुलगी असती तर तिलाही तिचा तो शब्द सुचला नसता.

आजोबांनी वाकून झाकण उचललं. आधी त्यांनी दुसरा, हलका कलश जवळ ओढला, त्यातला कागद काढला. शंभर वर्षांचा कागद, घडीवर फाटत आलेला. तो उलगडला नाही. वडिलांच्या कलशात, अस्थींच्या वर, तो त्यांनी आडवा ठेवला आणि झाकण लावलं. मग बराच वेळ हात झाकणावरच राहिला.

"तेवढं दूर होतं, तर," ते म्हणाले. मला म्हणाले की वडिलांना, ते मला कळलं नाही.

त्यांनी भटजींना खूण केली. भटजींनी घंटी वाजवली आणि मंत्र सुरू केला, दगडातून जीव काढून घेऊन त्याला पुन्हा नुसता दगड करायचा मंत्र. कारागीर पुढे झाले. नवऱ्यानं मला दंडाला धरून उठवलं. मी आजोबांना वाकून नमस्कार केला. त्यांनीही मान लववली, नेहमीपेक्षा कमीही नाही आणि जास्तही नाही. आम्ही खाली जायला वळलो तेव्हा ते दोर बांधणाऱ्या कारागिराकडे बघत होते, आणि तिकडेच बघत म्हणाले,

"सावकाश उतरा, सेन्सेई. पायऱ्या ओल्या आहेत."